आगोटीआधी घरच्या सर्व्हरची तयारी: कोकणातल्या बीएसडीवाल्यांसाठी धागा

सुपारीची_सावली (आंजर्ल्याजवळ, ता. दापोली) | ३ मे, रात्री ९:४०

मंडळी, मे उजाडला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, यादी होते. तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, सरपण, फुटलेली कौलं. गेली काही वर्षं त्या यादीत आई शेवटची ओळ स्वतःहून घालते: 'तुझी पेटी'. पेटी म्हणजे माजघरातल्या फडताळात ठेवलेला जुना थिंकपॅड एक्स२२०. त्यावर ओपनबीएसडी चालतं, म्हणजे युनिक्सच्या बीएसडी घराण्यातली कार्यप्रणाली. घरच्या नेटची फायरवॉल, अनबाउंडचा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारा), कुटुंबाचे फोटो आणि बाबांची पावसाची वही एवढी कामं ती पेटी करते. बाबा रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात. तो आकडा आता साध्या मजकुराच्या फाइलीत जातो आणि घरातल्या कुठल्याही फोनवर दिसतो.

मी बीएसडीला चिकटलो त्याचं कारण निसर्ग वादळ. लॉकडाउनमध्ये गावी आलो होतो. एप्रिल २०२० मध्ये वेळ होता म्हणून या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ६.६ टाकून बघितलं होतं, बस. ३ जूनला वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. आमच्या आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. लाईट गेली, फोनची रेंज गेली, नेट गेलं, आणि आठवडे उलटले तरी आलं नाही. शेजारी रोज संध्याकाळी दोन तास जनरेटर लावायचे. त्यात पंप चालायचा, वाडीतले फोन चार्ज व्हायचे आणि हा लॅपटॉपही.

पंचनाम्यासाठी प्रत्येकाने आपल्या पडलेल्या झाडांचे फोटो काढले होते. फोन भरून गेले, आणि पाठवायला नेट नाही. मला ते एका जागी गोळा करायचे होते, पण मशीनवर वेगळं काहीच टाकलेलं नव्हतं आणि टाकायला डाउनलोड कुठून करणार? शोधलं तर एफटीपीचा, म्हणजे फाइली घेण्या-देण्याचा, सर्व्हर मूळ प्रणालीतच बसलेला. डीएचसीपीचा (जोडलेल्या फोनला पत्ता देणारा) होता, वेब सर्व्हर होता, पीएफ ही फायरवॉल तर होतीच. प्रत्येकाचं मॅन पान, म्हणजे माहितीपुस्तिकेचं पान, मशीनवर होतं आणि पानाच्या तळाशी चालणारी उदाहरणं होती. तोवर माझी सवय अशी की अडलं की नेटवर विचारायचं. त्या दिवसांत पहिल्यांदा मी पानं सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचली. तीन दिवसांत वाडीतले सगळे जण आपापल्या फोनवरून राउटरला जोडून फोटो टाकत होते. फोटो कुणाचे ते कळावं म्हणून प्रत्येक घराचा वेगळा फोल्डर केला होता. पुढे ते पेन ड्राइव्हवर घालून दापोलीला नेले.

ओपनबीएसडीची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलला आणि ऑक्टोबरला येते. म्हणजे एक आगोटीआधी आणि एक पाऊस सरल्यावर. आपल्यासाठी याहून सोयीचं वेळापत्रक मला तरी सुचत नाही. मी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बॅकअप घेऊन सिसअपग्रेड (नवी आवृत्ती चढवणारी कमांड) चालवतो आणि मग दसऱ्यापर्यंत फक्त सुरक्षेचे पॅच.

तुम्ही पावसाआधी काय काय करता ते लिहा. हार्डवेअर, लाईट, बॅकअप, सगळं चालेल.


नवा_खलाशी (रत्नागिरी) | ३ मे, रात्री ११:१५

दादा, धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांच्या दुकानातला जुना आय३ डेस्कटॉप मिळालाय, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची डिस्क. कॉलेजात लिनक्स शिकवतात. मग बीएसडी कशासाठी? आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी यातलं कुठलं घ्यायचं? माझ्या आसपास विचारायला कुणी नाही.


सुपारीची_सावली | ४ मे, सकाळी ७:०५

खलाशीबुवा, स्वागत. लिनक्स वाईट म्हणून सोड असं मी सांगणार नाही, मी नोकरीत रोज तेच वापरतो. फरक घडणीत आहे. लिनक्स म्हणजे कर्नल, प्रणालीचा गाभा. त्याभोवतीची अवजारं वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि प्रत्येक वितरण त्यांची आपापली मोट बांधतं. बीएसडीत कर्नल, रोजच्या कमांडा, त्यांची मॅन पानं हे सगळं एकाच घरात, एकाच कोठारात लिहिलं जातं. म्हणून कमांड बदलली की पानही बदलतं. ओपनबीएसडीवाले तर मॅन पानातली चूक ही कोडमधल्या चुकीसारखीच धरतात.

घराणं जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७८ साली बिल जॉय यांनी युनिक्सवरची पहिली बीएसडी टेप बाहेर काढली. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी ही दोन्ही १९९३ ची. नेटबीएसडीतून थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये ओपनबीएसडी वेगळं काढलं, त्याचं ठाणं कॅनडातल्या कॅलगरीला. तू कॉलेजात दूरच्या मशीनवर जाताना एसएसएच वापरतोस ना? तो ओपनएसएसएच याच मंडळींनी १९९९ मध्ये बनवला आणि आज तो लिनक्सवरही तोच असतो. म्हणजे बीएसडी तू आधीपासून वापरतोयस.

कुठलं घ्यायचं? फायरवॉल, डीएनएस, छोटं वेबपान आणि मुळातून शिकणं असेल तर ओपनबीएसडी. फोटो-व्हिडिओंचा साठा सांभाळायचा असेल तर झेडएफएस या फाइल प्रणालीमुळे फ्रीबीएसडी. अगदी जुनं किंवा विचित्र हार्डवेअर असेल तर नेटबीएसडी. तुझ्या आय३ वर तिन्ही चालतील. मी म्हणेन ओपनबीएसडीने सुरुवात कर, कारण त्यात एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढंच आहे.

एक सांगून ठेवतो. पीएफ मूळचं ओपनबीएसडीचं, २००१ पासून. फ्रीबीएसडीतही ते आहे, पण नॅटचे (घरातली मशीनं एका बाहेरच्या पत्त्यामागे नेण्याचे) नियम लिहायची रीत दोन्हीकडे वेगळी झाली. नेटवरचे धडे हे न सांगता मिसळतात, नवीन माणूस तिथेच दमतो. आपल्या मशीनवरचं पान प्रमाण धर. आणि पीएफमध्ये शेवटचा जुळणारा नियम लागू होतो, मधे 'क्विक' लिहिलं तरच तिथे थांबतं. हे पक्कं झालं की निम्मं पीएफ आलं.


जुना_वायरमन (देवगड) | ४ मे, दुपारी ३:३०

मला सॉफ्टवेअरमधलं फारसं कळत नाही. मुलाने घरी फ्रीबीएसडी लावून दिलंय ते मी वापरतो. पण चाळीस वर्षं वायरिंग केलंय, तेवढ्यावर लिहितो.

आपल्याकडे मशीन मारतं ते मीठ. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटतं. जूनपासून आपल्याकडे ती ९० च्या घरात असते. खाऱ्या वाऱ्याने बोर्डावर मिठाचा जो थर बसलेला असतो, त्यालाही तेव्हा तसंच पाणी सुटतं. मग त्यातून वीज वाहते, रॅमचे पाय काळे पडतात, घड्याळाचा बटण सेल हिरवा होतो.

याच्यावर उपाय सोपा आहे आणि लोक नेमकं उलटं करतात. पावसात मशीन बंद करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. तसं करू नका. चालू ठेवा. खोलीत ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि मशीनच्या आत फक्त ५ अंश जास्त असतील, तर आतली आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे मिठाला पाणी सुटायच्या खाली. चालू मशीन स्वतःला कोरडं ठेवतं. पंखा मात्र जितका कमी तितका बरा, कारण पंखा खारी हवा आत ओढतो. समुद्राकडच्या खोलीत नको, पडवीत नको, माळ्यावर मे महिन्यात भाजून निघेल. माजघर बरोबर. जाळीला मच्छरदाणीचं कापड लावा, पाली आणि मुंग्या ॲडाप्टरच्या उबेला येतात.

अर्थिंग तपासा. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावालाच उरतं. विजा नेमक्या तेव्हाच, मे अखेरीला आणि पुन्हा ऑक्टोबरात. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असेल तर मे महिन्यात दर दोन दिवसांनी बादलीभर पाणी ओता. वीज कडाडायला लागली की प्लग काढाच, पण लॅनची तांब्याची वायरही काढा. घर ते गोठा किंवा घर ते होमस्टेची खोली अशी उघड्यावरून तांब्याची लॅन वायर असेल तर ती पोर्ट जाळते. तिथे फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही.

लाईट परत येते तेव्हा तीन-चार वेळा ये-जा करते. डेस्कटॉप असेल तर मध्ये फ्रीजचा स्टॅबिलायझर लावा, तीन मिनिटं थांबून मग पुढे वीज सोडणारा. आणि इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा.


चाकरमानी_डोंबिवली | ४ मे, रात्री १०:२०

वायरमनकाका, मिठाचं गणित वाचून बायकोला दाखवलं. पुढच्या वेळी गावी गेलो की मशीन आधी पडवीतून आत घेतो.

माझी अडचण वेगळी आहे. मशीन गुहागर तालुक्यात, मी डोंबिवलीत. घरी फक्त आई. मिनी पीसीवर ओपनबीएसडी आहे. मागच्या जुलैत लाईट अशी गेली की डिस्कवरची फाइल प्रणाली अर्धवट राहिली. मशीन चालू झालं, तपासणी स्वतःच्या स्वतः पुरी होईना, आणि ते एकट्या वापरकर्त्याच्या (दुरुस्तीच्या) अवस्थेत थांबून राहिलं. इथून मला काहीच दिसेना. आई शाळेत शिक्षिका होती, म्हणून निभावलं. फोनवर तिने पडद्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवलं. मी सांगितलं, एंटर दाब. मग एफ, एस, सी, के, जागा सोड, आडवी रेघ, वाय. पुन्हा एंटर. आकडे धावायला लागल्यावर ती म्हणाली, 'हा काहीतरी मोजतोय.' दहा मिनिटांनी 'एक्झिट' लिहायला सांगितलं आणि मशीन उठलं. त्यानंतर तिने स्वतःच्या अक्षरात या पायऱ्या मराठीत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवल्या आहेत, गॅस बुकिंगच्या नंबराशेजारी. यंदा एप्रिलमध्ये मला फोन न करता तिने एकटीने केलं.

पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला रात्री उठून हे करायला लागू नये. काय करू?


सुपारीची_सावली | ५ मे, सकाळी ६:५०

दादा, काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो टाकाल का? बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

ओपनबीएसडीच्या फाइल प्रणालीत जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही, त्यामुळे अचानक लाईट गेली की पूर्ण तपासणी होते. मोठी डिस्क, तर तपासणी लांब आणि अडकायची शक्यताही मोठी. मी असं केलंय: मूळ प्रणालीचे भाग छोटे ठेवलेत, इन्स्टॉलर वेगवेगळे भाग करूनच देतो. टेम्पचा (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर मेमरीत. आणि फोटोंचा मोठा भाग एफएसटॅबमध्ये (डिस्कचे भाग जोडायच्या यादीत) 'नोऑटो' करून तपासणीच्या रांगेतून काढला. मशीन उठताना त्याला हातच लावत नाही. छोटे भाग काही सेकंदांत तपासून होतात, एसएसएच सुरू होतं, मग आरसी लोकल या, मशीन उठताना शेवटी चालणाऱ्या फाइलीतली स्क्रिप्ट मोठा भाग तपासून जोडते. ते अडलं तरी मशीन दारात उभं असतं. मी कुठूनही आत शिरून दुरुस्त करू शकतो.

दुसरं म्हणजे लाईट अचानक जाऊच द्यायची नाही. यूएसबीची तार असलेला यूपीएस घ्या. ओपनबीएसडी त्याला सेन्सर म्हणून ओळखतं, सेन्सर्सडी या सेन्सरवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला सांगून ठेवायचं की चार्ज अमुक टक्क्यांखाली गेला की नीट बंद हो. वेगळं पॅकेज लागत नाही. मी लॅपटॉप वापरतो तो याच कारणाने, बॅटरी हाच यूपीएस. पडदा मिटून माझ्या मीटरवर १२ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला ९ युनिटच्या आत. आधीचा डेस्कटॉप ७० वॉट घ्यायचा, त्याचे ५० युनिट होत. थिंकपॅडच्या बायोसमध्ये 'चार्जर जोडला की चालू हो' असा पर्याय आहे, तो लावला की लाईट आल्यावर बटण दाबायला कुणी लागत नाही.


वेंगुर्ल्याची_रेवती (वेंगुर्ले) | ५ मे, दुपारी १२:४५

तुमचा म्हणणा बरोबर आसा, पण आमच्या हंय दोन-दोन दिस लाईट येणा नाय, थंय यूपीएस खंय पुरतलो? मला डिस्कवरचा डेटाच असा हवा होता की लाईट कधीही गेली तरी बिघडणार नाही. म्हणून फ्रीबीएसडी आणि झेडएफएस.

माझा लग्नाच्या आणि दशावताराच्या फोटो-व्हिडिओंचा व्यवसाय आहे. दशावताराचं चित्रण रात्रभर चालतं, एका प्रयोगाच्या फाइली शंभर जीबीच्या पुढे जातात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं त्या रात्री मी कॉपी करत होते आणि मधेच सगळं काळोखात गेलं. चार दिवसांनी मशीन चालू केलं तर कॉपी होत असलेली शेवटची फाइल अर्धवट, बाकी सगळं जागच्या जागी. झेडएफएस जुन्या मजकुरावर लिहीतच नाही. नवं दुसरीकडे लिहितं आणि ते पूर्ण झालं की मगच पत्ता बदलतं. फार तर शेवटचे काही सेकंद जातात. शिवाय प्रत्येक तुकड्याचा ताळा ठेवलेला असतो. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डेटाची ताळ्याशी पडताळणी) लावते, दोन डिस्कची जोडी असल्यामुळे एकीवर खराब झालेलं दुसरीवरून भरून निघतं. ४ जीबी रॅमवर चालतं, फक्त एआरसीला (झेडएफएस रॅममध्ये ठेवतं त्या साठ्याला) १ जीबीची मर्यादा घालून ठेवा.

पण जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही डिस्क एकाच घरात, एकाच छपराखाली. माझा बॅकअप रेल्वेने जातो. भाऊ मुंबईला असतो, तो वर्षातून दोनदा हमखास येतो, गणपतीला आणि शिमग्याला. दोन यूएसबी डिस्क आहेत. एक इथे, एक त्याच्याकडे. तो येताना त्याची घेऊन येतो, मी स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन फक्त मधल्या महिन्यांचा फरक त्यावर पाठवते, आणि जाताना तो ती घेऊन जातो. स्नॅपशॉटची नावंही 'गणपती' आणि 'शिमगा' अशीच आहेत. डिस्क गाडीत हरवली तर लोकांचे खाजगी फोटो जाऊ नयेत म्हणून दोन्ही जेली या एन्क्रिप्शनने कुलूपबंद. इथे एक चूक झाली होती: जागा हवी म्हणून मी इकडचा जुना 'शिमगा' पुसला. दोन्ही बाजूंना सारखा असा स्नॅपशॉट उरला नाही, तर फरक पाठवता येत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून पाठवावं लागलं, भावाची गाडी सुटायला आठ तास होते. तेव्हापासून त्या दोन नावांना 'होल्ड' लावून ठेवते, चुकूनही पुसले जात नाहीत.


चाकरमानी_डोंबिवली | ५ मे, रात्री ११:००

रेवतीताई, गणपती-शिमग्याचं हे मला आजवर सुचलं कसं नाही! आम्हीही त्याच दोन वेळा जातो.

आणखी एक विचारतो. नवीन फायबर घेतल्यापासून बाहेरून घरच्या मशीनवर जाताच येत नाही. राउटरवर पोर्ट उघडून झालं, उपयोग नाही.


सुपारीची_सावली | ६ मे, सकाळी ७:१५

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही, कंपनीने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलंय. पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी पोचणार नाही. उलट दिशेने जायचं: भाड्याने एक छोटा सर्व्हर घ्या, घरच्या मशीनने त्याच्याशी वायरगार्डचा (खाजगी, एन्क्रिप्टेड जोडणीचा) बोगदा स्वतः जोडायचा आणि दर २५ सेकंदांनी खूण पाठवून तो उघडा ठेवायचा. ओपनबीएसडीत वायरगार्ड ६.८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून कर्नलमध्येच आहे. मी हेच वापरतो.


नवा_खलाशी | १९ मे, रात्री १२:०५

दादा, झालं! ओपनबीएसडी टाकलं. पहिल्यांदा लॉगिन केलं तर रूटच्या नावाने थिओ डी राट यांची स्वागताची मेल आधीच येऊन पडलेली. त्यात सांगितल्याप्रमाणे 'आफ्टरबूट'चं पान वाचलं आणि त्यातली एकेक गोष्ट तपासत गेलो. चार संध्याकाळी गेल्या, पण प्रत्येक फाइल कशासाठी आहे ते आता सांगू शकतो.

एक अडलं होतं. मशीन उठलं की तारीख जुनी, आणि नावं सापडत नाहीत. काकांनी लिहिलेला हिरवा सेल आठवला. उघडून बघितलं तर खरंच पाय गंजलेले. सेल बदलला, पाय खोडरबराने घासले. घड्याळ चुकलं की डीएनएसच्या सह्या अनबाउंडला खोट्या वाटतात, म्हणून नावं अडत होती. फर्मवेअरही नेट आहे तोवर उतरवून ठेवलं. फ्रीजचा स्टॅबिलायझर मामांकडे पडून होता, तो आणलाय.


जुना_वायरमन | १९ मे, सकाळी ९:१०

शाब्बास. एक नवा सेल जास्तीचा आणून डब्यात ठेव, डब्यात तांदूळ घाल.


सुपारीची_सावली | ९ जून, सकाळी ९:००

काल रात्री अडीचला लाईट गेली, अजून आलेली नाही. पेटी बॅटरीवर आहे, ६१ टक्के. फायबरचा डबा आणि राउटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर, म्हणून हे लिहू शकतोय. बाबा छत्री घेऊन अंगणात जाऊन आले. साडेआठची नोंद: ८४ मिमी. आईने यादीतल्या शेवटच्या ओळीवर बरोबरची खूण केली आहे. रेवतीताई, 'होल्ड'चं नीट लिहून टाका, चाकरमानीदादा गणपतीला डिस्क घेऊन निघायच्या आत.